कॉल रेकॉर्ड काढून देणारा डिटेक्टिव्ह

'खासगी डिटेक्टिव्ह नवऱ्याचे कॉल रेकॉर्ड काढून देतो का?' असा प्रश्न आहे. देत असेल तर तो सरळ गुन्हा करतोय. पोलिसांना तपासासाठी मोबाइल कंपनीकडून सीडीआर (कॉल डिटेल रेकॉर्ड, म्हणजे कुणाला कधी फोन झाले याची नोंद) मागवता येतो, तोही वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत. खासगी डिटेक्टिव्हला तो अधिकार नाही. झडती नाही, अटक तर नाहीच. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआरच्या खरेदी-विक्रीवरून खासगी गुप्तहेरांनाच उचललं होतं! या धंद्यावर नियंत्रण आणणारं २००७चं विधेयक कायदा झालंच नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावतो.

मग तो करतो काय? सोसायटीच्या वॉचमनशी गप्पा, समोरच्या टपरीवर चार-चार कटिंग, रस्त्यावरून काढलेले फोटो. कौटुंबिक न्यायालयात उभा राहिलाच, तर इतरांसारखाच एक साक्षीदार म्हणून.