मदत हवी आहे : रॅलीच्या गाडीतील सुरक्षेबाबत

सर्व सदस्यांना नमस्कार. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात माझा पुतण्या जुन्या जिप्सीला रोल केज (गाडी उलटली तरी आतल्यांना वाचवणारा पोलादी नळ्यांचा सांगाडा) बसवून मातीवरच्या एका रॅलीची तयारी करत आहे. काल केजच्या पायाकडील वेल्डिंगवरून बोट फिरवले, तर खाऱ्या हवेने धरलेला तांबूस गंज बोटाला लागला. रंगाखाली तो किती खोल गेला आहे, हे नुसते पाहून कळत नाही.

त्याहून अधिक काळजी मला मानेची वाटते. १९९४ मध्ये इमोला येथे रोलंड रात्झेनबर्गर आणि २००१ मध्ये डेटोना येथे डेल अर्नहार्ट या शर्यतीच्या चालकांचा मृत्यू झाला, तेव्हा दोघांच्याही कवटीच्या तळाचे हाड मोडले होते. शरीर पट्ट्यांनी जखडलेले असते आणि डोके मात्र पुढे फेकले जाते; हेच रोखण्यासाठी खांद्यांवर बसणारे व हेल्मेटला जोडले जाणारे हॅन्स उपकरण फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून सक्तीचे झाले. पुतण्याकडे गाडीचा साधा पट्टा आणि दुचाकीचे हेल्मेट एवढेच आहे. “काका, मातीत वेग तो किती असणार,” असे तो म्हणतो. पण चिऱ्याच्या गडग्यावर आदळायला फार वेग लागत नाही, हे त्याला पटवणे मला जमलेले नाही.

रत्नागिरी किंवा कोल्हापूर परिसरात केजचे वेल्डिंग तपासून देणारे कोणी खात्रीचे आहे का? हॅन्स, त्याला चालणारा हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून येणारा शर्यतीचा पट्टा) आणि मोटार शर्यतीचे हेल्मेट कोठून घ्यावे, आणि वापरलेले घेतल्यास त्यात काय पाहावे? ज्यांनी स्वतः रॅलीत गाडी चालवली आहे, त्यांनी कृपया त्याच्याशी बोलावे.