बाबांच्या ६१२ सीडी रागानुसार कशा लावू?

मिरजकर_लेक:
बाबा ८१ वर्षांचे आहेत. नजर अधू झाल्यापासून त्यांना सीडीच्या कडेवरची अक्षरं दिसत नाहीत. एकूण ६१२ सीडी, बहुतेक ख्यालगायन. मन्सूर, कुमारजी आणि किशोरीताई सर्वांत जास्त. शिवाय २००३-०४ मध्ये कॅसेटवरून घरी बर्न केलेल्या चाळीसेक. सकाळी ते नुसतं "ललत लाव" म्हणतात आणि मी पंधरा मिनिटं कपाट उपसते, कारण कपाट गायकांच्या नावाने लावलंय. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. एमपीथ्री केलं तर चालेल का? बाबांनी प्रत्येक सीडीवर क्रमांकाचा कागद चिकटवलाय, तो आधी काढू का?

तानपुरा६४:
ताई, कागद अजिबात ओढू नका! अॅल्युमिनियमचा थर छापील बाजूलाच, पातळ लेपाखाली असतो. कागदाबरोबर तो सोलून येतो आणि गाणं कायमचं जातं. माझी एक सीडी अशीच गेली, अजून हळहळतो. कागद नीट चिकटलेला असेल तर तसाच राहू द्या, फक्त ड्राइव्हचा वेग कमी ठेवा.

सुरुवात घरी बर्न केलेल्यांपासून करा. त्यांत रंगद्रव्याचा थर असतो, तो उतरत जातो. छापील सीडी थांबतील, या थांबणार नाहीत.

यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह घ्या. विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सीडी उतरवून घेणारं सॉफ्टवेअर वापरा, त्यात 'टेस्ट अँड कॉपी' निवडा. प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो. दोन्ही वाचनांचे पडताळणीचे आकडे (सीआरसी) जुळले तरच विश्वास ठेवा. फाइल फ्लॅकमध्येच ठेवा, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता ती लहान होते. सीडीमागे ३००-३५० एमबी धरले तरी सगळं मिळून २०० जीबीच्या आसपास. एमपीथ्रीत विलंबितातून द्रुतात जाताना ट्रॅकच्या सांध्यावर बारीक खंड पडू शकतो. ख्याल ऐकणाऱ्याला तो खटकतोच.

भटियार:
रागाचं सांगतो. फ्लॅकमध्ये स्वतःचे रकाने करता येतात: राग, ताल, तबला, संवादिनी. एमपीथ्रीटॅग या सॉफ्टवेअरमध्ये पन्नास फाइलींचे रकाने एकदम भरता येतात. फोनवरचे बरेच प्लेअर असे रकाने दाखवत नाहीत, म्हणून शीर्षकातही राग आधी लिहा: "ललत – विलंबित एकताल". नाव एकाच पद्धतीने लिहा. "पं. भीमसेन जोशी" आणि "भीमसेन जोशी" हे यादीत दोन गायक होतात, मला ते निस्तरायला महिना लागला.

आणि बाबांना शेजारी बसवा. घरच्या सीडींवर साथीला कोण होतं हे कव्हरवर नसतं, त्यांच्या कानात असतं.

मिरजकर_लेक:
मनापासून आभार. बर्न केलेल्या ४१ निघाल्या, ३६ पूर्ण आल्या. एकीचा तिसरा ट्रॅक तीनदा जुळला नाही. मग मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली, गोल नाही, आणि चौथ्यांदा जुळला. बाबांनी डोळे मिटून नऊ ठिकाणी तबलजी सांगितले, एका ठिकाणी माझा रागच दुरुस्त केला. सगळ्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन कोल्हापूरला ताईकडे ठेवलीय. उरलेल्या पाच सीडी अजून वाचत नाहीत. दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह लावून बघू का?

तानपुरा६४:
जरूर बघा. एका ड्राइव्हला न वाचलेली सीडी दुसऱ्याला वाचलेली मी अनेकदा पाहिलीय. तोवर त्या उभ्या, डबीत, उन्हापासून लांब ठेवा.