टोमॅटोवर करपा, मेटालॅक्झिल मारूनही थांबेना

नारायणगाव_टोमॅटो:
झड आणि धुकं चालूच आहे. मेटालॅक्झिल ८ + मॅन्कोझेब ६४ टक्के हे बुरशीनाशक लागोपाठ मारलं, तरी करपा वर सरकतोय. डोस वाढवू का?

शिरूरकर:
डोस अजिबात वाढवू नका, दादा. सकाळी दव असताना पान उलटून बघा. काळपट ओल्या डागाच्या कडेला पांढरी लव असेल तर उशिरा येणारा करपा. खालच्या जुन्या पानांवर गोल वलयं असतील तर लवकर येणारा. त्यावर मेटालॅक्झिल चालतच नाही, फक्त मॅन्कोझेबचा पैसा वसूल होतो.

मंचर_कृषी:
लव असेल तर औषधाचा गट बदला, म्हणजे बुरशीवर वेगळ्या पद्धतीने काम करणारं औषध घ्या. एकच गट परत परत मारला की बुरशी दाद देत नाही. सायमोक्झॅनिल ८ + मॅन्कोझेब ६४ टक्के लिटरला २ ते ३ ग्रॅम घ्या, पुढच्या वेळी ॲझोक्सीस्ट्रोबिन. काळा पडलेला भाग मात्र परत हिरवा होत नाही, नवीन पान वाचतंय का एवढंच बघा.

शिरूरकर:
पावडर आधी बादलीत कालवून मग टाकीत ओता, नाहीतर नोझल तुंबतो. पानांवरचं पाणी सुकल्यावरच मारा आणि नोझल खालून वर धरा, लव पानाखालीच असते. तोडा चालू असेल तर फवारणीनंतर तोडणीआधी थांबायचे लेबलवरचे दिवस पाळा.