पाटीवर नुसतं 'शाहू महाराज' पुरे, की कोणते ते लिहावं?

खडूफळा

एकाच नावाची दोन मोठी माणसं होऊन गेली की कोण कोणता हे ओळखायचं काम आपण वाचणाऱ्यावर टाकून मोकळे होतो. माझं म्हणणं असं: रस्ता, चौक, शाळा, दवाखाना, ज्याला कुणाचं नाव दिलंय तिथे त्या माणसाचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट लिहावं, खाली जन्म-मृत्यूची सालं टाकावीत. उपाध्या ऐच्छिक.

शाहू महाराजच घ्या. साताऱ्याचे शाहू (१६८२–१७४९) संभाजीराजांचे पुत्र. रायगड पडल्यावर मोगलांच्या कैदेत वाढले, औरंगजेब मेल्यावर १७०७ मध्ये सुटले, बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद त्यांनी दिलं. कोल्हापूरचे शाहू (१८७४–१९२२) मूळचे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. १८८४ मध्ये दत्तक आले आणि १९०२ मध्ये त्यांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून ठेवल्या. एकाचा मृत्यू आणि दुसऱ्याचा जन्म यांत सव्वाशे वर्षांचं अंतर. तरी शाहूपुरी साताऱ्यातही आणि कोल्हापुरातही, शाहू स्टेडियम दोन्हीकडे. 'शाहूपुरी पोलिसांची कारवाई' असा मथळा वाचला की बातमी कुठल्या जिल्ह्याची हे चौथ्या ओळीत कळतं.

तीच गत नानासाहेब पेशव्यांची. एक पानिपतानंतर १७६१ मध्ये पर्वतीवर वारले. दुसरे बिठूरचे धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तकपुत्र, सत्तावन्नच्या उठावातले. या दोघांना जोडून एकच दीर्घायुषी पेशवा तयार करणारे वक्ते मी ऐकलेत, आणि त्यावर टाळ्याही पडल्यात.

जुन्या लोकांना ही अक्कल होती. बाळाजी विश्वनाथ भट घराण्यातले पहिले पेशवे, बाळाजी बाजीराव म्हणजे थोरले नानासाहेब, बाळाजी जनार्दन म्हणजे नाना फडणवीस. बापाचं नाव लागलं की माणूस पक्का. आपण ते सोडून साहेब, राव, महाराज धरून बसलो.

पंचगंगा_घाट

कडाडून असहमत. 'राजर्षी' ऐच्छिक कसं काय? १९१९ मध्ये कानपूरच्या कुर्मी समाजाच्या सभेनं ती पदवी दिली. ती माणसानं मिळवलेली आहे. बापाचं नाव जन्मानं मिळतं, त्यात कर्तृत्व कसलं? कोल्हापुरात 'राजर्षी' म्हटल्यावर कोणते शाहू असं विचारणारा मी तरी बघितला नाही.

आणि तुमचाच नियम लावून दाखवा की. वडील कोणते लिहायचे, जन्माचे की दत्तकाचे? जन्माचे धरले तर पाटीवर 'यशवंतराव जयसिंगराव घाटगे', वाचून एकालाही पत्ता लागणार नाही. दत्तकाचे धरले तर 'शाहू शिवाजी भोसले'. मग सांगत बसा लोकांना की हे शिवाजी ते नव्हेत, कोल्हापूरच्या गादीवरचे वेगळे.

खडूफळा

दत्तकाचा मुद्दा बरोबर, म्हणून तर खाली सालं मागतोय. पण उपाधीवर एवढा भरवसा नको. ज्या कानपुरात 'राजर्षी' ही पदवी मिळाली तिथल्या विद्यापीठाचं नाव आहे 'छत्रपती शाहूजी महाराज विश्वविद्यालय'. राजर्षी गायब. साताऱ्याचा माणूस तिथे गेला तर त्याला आपलेच शाहू वाटतील.

शिळाप्रेस

'बापाचं नाव लागलं की माणूस पक्का' हे वाचून हसू आलं.

बाळ गंगाधर सांगा कोण? टिळक म्हणाल. पण मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, तेही बाळ गंगाधर. आणि 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर, तेही बाळ गंगाधरच. तिघांची मुळं जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातली. तिघांचं स्वतःचं नाव तेच, वडिलांचं तेच. तुमची पाटी इथे आडनावावर उभी आहे, बापावर नाही.

आता आडनाव धरायला जा. कादंबरीकार आपटे दोन. हरि नारायण (१८६४–१९१९) आणि नारायण हरि (१८८९–१९७१). 'उषःकाल' पहिल्यांची. व्ही. शांतारामांचा 'कुंकू' हा सिनेमा ज्या कादंबरीवर निघाला ती दुसऱ्यांची. ग्रंथालयाच्या कपाटात ह. ना. आणि ना. ह. शेजारी शेजारी लावलेले असतात आणि वाचक भलतंच पुस्तक घरी नेतो. इथे पूर्ण नाव लिहूनही फरक पडत नाही, कारण माणूस अक्षरं वाचत नाही, ओळखीचा आकार बघतो.

गोंयकार

ह्यात आमचे कोसंबी घाला. वडील धर्मानंद दामोदर, बौद्ध धर्माचे अभ्यासक, सांखवाळचे. मुलाला आजोबांचं नाव ठेवलं, म्हणून मुलगा दामोदर धर्मानंद, गणिती आणि इतिहासकार. मराठीत ध. दा. आणि दा. ध. असा फरक तरी दिसतो. इंग्रजी आद्याक्षरं लिहिली की बाप-लेक दोघेही डी. डी. कोसंबी! पूर्ण नाव लिहाच, पण आद्याक्षरांवर भागवू नका, एवढंच सांगतो.

शिळाप्रेस

@गोंयकार, नातवाला आजोबांचं नाव, इथेच सगळी गोम आहे. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी. शिवाजीराजांचे संभाजी, संभाजीराजांचे शाहू, ज्यांचं पाळण्यातलं नाव शिवाजीच. आणि त्याच काळात ताराबाईंनी गादीवर बसवलेला त्यांचा मुलगाही शिवाजी. म्हणजे एक शिवाजी मोगलांच्या छावणीत कैदेत, दुसरा इकडे गादीवर, दोघे चुलतभाऊ, आणि दोघांनाही एकाच आजोबांचं नाव. थोरल्या शिवाजीमहाराजांनी आपल्या मुलाला संभाजी नाव ठेवलं तेव्हा त्यांच्या वडील भावाचं, कनकगिरीच्या लढाईत पडलेल्या संभाजीचं, नाव घरात होतंच.

हा गोंधळ अपघातानं झालेला नाही. गेलेला माणूस पुन्हा घरात यावा म्हणून नाव ठेवत. पाटीवर सालं खोदून तुम्ही नेमकं तेच उलटं करताय.

मतमोजणी

भावनेचं राहू द्या, व्यवहाराचं बोलतो. २०१४, रायगड लोकसभा. सुनील तटकरे अनंत गीत्यांकडून दोन हजारांच्या थोड्याशा वर मतांनी हरले. त्याच मतपत्रिकेवर सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष होता, त्याला नऊ हजारांवर मतं पडली. वडिलांचं नाव मतपत्रिकेवर होतंच की! कुणी वाचलं? पुढच्या वर्षीपासून आयोगानं उमेदवारांचे फोटो छापायला घेतले. सुप्रीम कोर्टात २०२४ मध्ये नामसाधर्म्याची याचिका गेली तेव्हा कोर्टानंही ऐकून घेतलं नाही. आईबापांनी नाव ठेवलं म्हणून कुणाला उभं राहण्यापासून कसं अडवणार?

पंचगंगा_घाट

मग चौकाचौकात फोटो लावा. सध्या तेवढेच कमी आहेत!

निरूपण

इथे सगळे राजे आणि पुढारीच दिसताहेत. संतांकडे या. 'नामा म्हणे' या मुद्रेचे सगळे अभंग नामदेवांचे (१२७०–१३५०) म्हणून गायले जातात. पण त्यांच्यानंतर दोनेक शतकांनी, एकनाथांच्या काळात, विष्णुदास नामा होऊन गेला. त्याने महाभारत मराठीत आणलं. त्याची आणि इतर नाम्यांची रचना नामदेवांच्या गाथ्यात इतकी मिसळली आहे की निवडता निवडत नाही. ज्ञानदेवांचंही तसंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवरामपंत भारद्यांनी 'भारद्वाज' या नावानं लिहून वाद लावला की ज्ञानेश्वरीकार वेगळे आणि अभंगवाले ज्ञानदेव वेगळे. ज्ञानेश्वरीत विठ्ठलभक्ती का दिसत नाही, हा त्यांचा एक प्रश्न होता.

अभ्यासकांना त्याचं उत्तर हवं, आणि ते त्यांनी शोधावं. वारीत चालणाऱ्याला त्यानं काही अडत नाही. 'नामा' हे नाव घेऊन लिहिणाऱ्यानं आपण वेगळे आहोत हे सांगायचा अट्टहास केला नाही, तर आपण कशाला करायचा? आळंदीच्या वेशीवर 'ज्ञानदेव विठ्ठलपंत कुलकर्णी' अशी पाटी लावून दाखवा, मग बोलू.

खडूफळा

माऊलींना पाटी कोण लावतोय! पण विष्णुदास नाम्याचं काय? त्याच्या रचनेचं श्रेय गेली कित्येक शतकं दुसऱ्याच्या नावे जमा होतंय. त्याला मान्य होतं हे तुम्ही परस्पर ठरवलंत.

माजघर

सगळ्या प्रतिसादांत वडिलांचं नाव, वडिलांचं नाव. बायकांचं काय करणार आहात?

रमाबाई घ्या. एक थेऊरला माधवरावांबरोबर सती गेलेल्या रमाबाई पेशवे. एक पंडिता रमाबाई (१८५८–१९२२), केडगावच्या मुक्ती मिशनच्या. एक रमाबाई रानडे (१८६२–१९२४), पुण्याच्या सेवासदनच्या. आणि एक रमाबाई आंबेडकर, ज्यांच्या नावाची वसाहत घाटकोपरला आहे. यातल्या दोघी तर १८८२ च्या पुण्यात एकमेकींना भेटत होत्या. पंडिताबाईंच्या आर्य महिला समाजात रानड्यांच्या रमाबाई जात.

आता पूर्ण नाव लिहा पाहू. पंडिता रमाबाई वडिलांकडून डोंगरे, नवऱ्याकडून मेधावी. या दोन्ही नावांनी त्यांना आज कोण ओळखतं? 'पंडिता' ही कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये परीक्षा घेऊन दिलेली पदवी, म्हणजे धागाकर्त्याच्या हिशेबात 'ऐच्छिक'. तेवढी एक ऐच्छिक गोष्ट काढली की बाई नाहीशी.

रमाबाई रानड्यांचं माहेरचं नाव यमुना कुर्लेकर. डॉ. आनंदीबाई जोशी, त्याही माहेरच्या यमुना. लग्नात नाव बदललं गेलं. त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. बायकांचं नाव घरोघरी पुसून नव्यानं लिहिलं जात होतं. त्यामुळे 'खरं पूर्ण नाव' या गोष्टीला त्यांच्या बाबतीत फारसा अर्थच उरत नाही. शिवाय नवऱ्याचं नाव लावायचं तर चार रमाबाईंना ओळखायला आधी चार पुरुष पाठ करा. छान.

आळसोबा

माजघर यांना +१. चहा ठेवलाय, चालू द्या.

खडूफळा

माजघर, हा प्रतिसाद वाचून नियमात बदल करायला तयार आहे. नाव लोकांत रूढ आहे तेच राहू दे, 'पंडिता' आणि 'राजर्षी' दोन्ही राहू देत. खाली एक ओळ कामाची आणि सालं. 'पंडिता रमाबाई, मुक्ती मिशन, १८५८–१९२२.' 'रमाबाई रानडे, सेवासदन, १८६२–१९२४.' यात बापही नाही, नवराही नाही.

पंचगंगा_घाट

आता जरा माणसात आलात.

शिळाप्रेस

कामाची ओळ लिहिणार कोण? विष्णुशास्त्री दोन. विष्णुशास्त्री पंडित, ज्यांनी विधवाविवाहाची चळवळ चालवली आणि स्वतः विधवेशी लग्न केलं. आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर, ज्यांनी 'निबंधमाला' लिहिली, न्यू इंग्लिश स्कूल काढलं, आणि जोतीरावांवर व लोकहितवादींवर कोरडे ओढले. चिपळूणकरांच्या पाटीखाली काय लिहाल? 'निबंधमालाकार'? 'फुल्यांचे टीकाकार'? सदाशिव पेठेत एक ओळ चालेल, फुल्यांच्या गंज पेठेत दुसरी. नगरपालिकेची उपसमिती नेमली जाईल, तिला मुदतवाढ मिळेल, आणि पाटी तोवर गोदामात.

खडूफळा

बरं, कामाची ओळही सोडा. नुसती सालं. सालांवरून तर कुणी भांडणार नाही?

शिळाप्रेस

शिवजयंती वर्षातून किती वेळा होते हो तुमच्याकडे? १६२७ की १६३० यावर किती पिढ्या भांडल्या, शेवटी सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० ठरवून दिली, तरी तिथीवाले त्यांची वेगळी करतातच.