मदत हवी आहे : वस्तू नाकारताना लोकांना कारण कसे सांगावे?

नमस्कार. मी पुनर्वापरासाठी सुका कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर काम करतो. वर्गीकरणाचे काम आता अंगवळणी पडले आहे. अडचण येते ती लोकांशी बोलताना.

परवा एका बाईंनी धुऊन, पुसून आणलेला काळ्या प्लॅस्टिकचा डबा मी परत केला, तेव्हा त्यांनी तो उलटा करून तळावरच्या बाणांच्या त्रिकोणावर बोट ठेवले. त्या त्रिकोणातील 1 ते 7 हे आकडे 1988 पासून वापरात आले असून ते केवळ प्लॅस्टिकचा प्रकार सांगतात, पुनर्प्रक्रियेची हमी देत नाहीत; शिवाय काळ्या रंगातील कार्बनची काजळी अवरक्त किरण शोषून घेत असल्यामुळे वर्गीकरणाच्या यंत्राला असा डबा बहुधा ‘दिसत’च नाही. हे सारे मी सांगितले खरे, पण तोवर मागे रांग वाढली होती आणि बाईंचा चेहरा उतरला होता. “पुढच्या वेळी सरळ कचऱ्यातच टाकते,” असे म्हणून त्या गेल्या. आतून प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदी पेल्यांबाबतही हेच घडते.

फलक लावून पाहिला, परंतु मजकूर इतका वाढला की तो मीही वाचला नसता. त्याऐवजी नाकारल्या जाणाऱ्या प्रत्यक्ष वस्तूच मांडून ठेवल्या, तर उपयोग होईल का? आणि रांग खोळंबू न देता, समोरच्याचा उत्साहही न मोडता, दोन वाक्यांत नकार कसा द्यावा? असे काम केलेल्यांनी आपली नेमकी वाक्ये कळवल्यास आभारी राहीन.