पन्नास आसनी विमानात आई-बाबांना कुठे बसवावे?

विषय: छोट्या विमानातील आसने

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझे आई-बाबा दिवाळीनंतर वेंगुर्ल्याहून इकडे अमेरिकेत येत आहेत. मोपा ते मुंबई आणि तेथून न्यूअर्क हा प्रवास मोठ्या विमानांचा असल्याने त्याची चिंता नाही. न्यूअर्कहून आमच्या गावी येणारे शेवटचे विमान मात्र एम्ब्राएर 145 हे पन्नास आसनी छोटे विमान आहे. बाबा उंच आहेत, त्यांचा उजवा गुडघा फार वेळ दुमडून ठेवता येत नाही, आणि आईला अनोळखी माणसांत एकटीने बसणे नको वाटते. जास्त पैसे भरून पहिल्या रांगेतील जागा घ्याव्यात का? देवगडला परतलेल्या काकांचा नोकरीमुळे या विमानांशी बराच संबंध आला होता, म्हणून त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

उत्तर: छोट्या विमानातील आसने

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

या विमानात मधल्या वाटेच्या डाव्या हाताला एक आणि उजव्या हाताला दोन आसने असतात. डावे ते ए, उजवीकडचे वाटेलगतचे बी आणि खिडकीचे सी. ए हे आसन एकाच वेळी खिडकीचेही असते आणि वाटेलगतचेही, त्यामुळे सरावलेले प्रवासी आधी तेच पटकावतात. जोडपे म्हटले की लोक डोळे झाकून बी आणि सी घेतात, आणि मग ज्याच्या वाट्याला सी येते तो भिंत आणि शेजारी यांच्यामध्ये अडकतो. तू बाबांना ए आणि आईला त्याच रांगेतील बी घे. मधली वाट इतकी अरुंद असते की हात लांबवून पाण्याची बाटली देता येते, म्हणजे आई एकटी पडत नाही आणि दोघांनाही कोणाला न उठवता उठता येते. ए आसनावर वाट उजव्या हाताला येते, त्यामुळे सेवकांची ढकलगाडी नसेल तेव्हा बाबांना उजवा पाय थोडा बाहेर पसरता येईल. डावा गुडघा दुखत असता, तर मी त्यांना बी सुचवले असते.

रांग निवडताना पंखाच्या थोडे पुढे राहावे. दोन्ही इंजिने शेपटीजवळ बसवलेली असल्याने शेवटच्या रांगांत आवाज आणि थरथर दोन्ही जास्त असतात, स्वच्छतागृहाची वर्दळही तिथेच असते, आणि हवा खवळली की विमानाचे शेपूट एसटीच्या मागच्या बाकासारखे उसळते. पंखाच्या आसपास हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. पहिल्या रांगेपुढे भिंत असते. तेथे पुढच्या आसनाखाली पिशवी सरकवण्याची सोय नसते आणि उंच माणसाचे पाय भिंतीला टेकतात, म्हणून त्यासाठी जास्त पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. पंखावरील संकटकालीन दाराची रांग पायांना ऐसपैस असली, तरी गरज पडल्यास दार उघडण्याची जबाबदारी तिथे बसणाऱ्यावर असते, तेव्हा तिचा विचारच नको.

आतील उंची जेमतेम 1.82 मीटर असल्याने बाबांना वाकून चालावे लागेल. सामानाचा कप्पा फक्त बी-सीच्या डोक्यावर असतो, हेही त्यांना आधीच सांगून ठेव. खिडकीतून समुद्र पाहण्याची हौस असेल, तर ती मोपा-मुंबई टप्प्यातच भागवावी. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या बाजूला राहतो. फक्त दुपारनंतरचे विमान असल्यास तिकडूनच ऊनही येते.

पुरवणी: छोट्या विमानातील आसने

नमस्कार ताई, नमस्कार काका.

काकांनी सांगितलेली ए-बीची जोडी सर्वांत सोयीची आहे, परंतु आयत्या वेळी विमान बदलले की आसनेही आपोआप बदलतात. एम्ब्राएर 175 आले, तर त्यात दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने असतात आणि त्यांची अक्षरे विमानसेवेनुसार वेगळी असतात. तेव्हा अक्षर न पाहता वाटेच्या दोन्ही कडांची समोरासमोरची आसने मागावीत. त्या विमानाची इंजिने पंखाखाली असल्याने मागच्या रांगांचा तितकासा जाच होत नाही. आदल्या संध्याकाळी आणि निघण्यापूर्वी पुन्हा एकदा आसने तपासून पाहा.

चाकांची छोटी बॅगही 145च्या डोक्यावरच्या कप्प्यात सहसा मावत नाही. ती विमानाच्या दाराशी काढून घेतात आणि उतरल्यावर बहुधा तिथेच परत देतात. म्हणून औषधे, पासपोर्ट आणि पॉवर बँक आधीपासूनच खांद्यावरच्या पिशवीत ठेवायला सांगा, कारण बॅग मागितली गेल्यावर रांग खोळंबते आणि वडीलधारी माणसे घाईत काहीही विसरतात. पॉवर बँक तर विमानाच्या पोटातील सामानात जाऊ देणे नियमानेच चालत नाही.