संपर्क-शोधाचा विदा ब्लॉकचेनवर असता तर?

साखळीवाला
कोविडच्या साथीत कोण कोणाच्या जवळ आलं हे ब्लूटूथने टिपणारं सिंगापूरचं ट्रेसटुगेदर ॲप मार्च २०२० मध्ये आलं. विदा फक्त संपर्क-शोधासाठी, असं सरकारने सांगितलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या संसदेत उघड झालं की फौजदारी कायद्याखाली पोलीसही तो मागू शकतात, आणि एका खुनाच्या तपासात तसा प्रयत्न झालाही होता. ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेली, मागाहून पुसता न येणारी नोंदवही असती, तर विदा उघडायच्या सगळ्या किल्ल्या एकाच्या कनवटीला राहिल्या नसत्या. पुढच्या साथीआधी याचा विचार व्हावा.

नामानिराळा
उदाहरण चांगलं, निष्कर्ष उलटा. ट्रेसटुगेदरच्या नोंदी मुळात फोनमध्येच असायच्या आणि २५ दिवसांनी पुसल्या जायच्या. घोळ एवढाच की त्यातली तात्पुरती ओळख (नावाऐवजी टिपलेला बदलता सांकेतिक क्रमांक) कोणाची, हे उलगडायची सोय आरोग्य मंत्रालयाकडे होती. आता त्याच नोंदी ब्लॉकचेनवर टाका. २५ दिवसांनी पुसणार कोण? मी कोणाशेजारी बसलो होतो याची साथीला महिन्याभराने काडीची किंमत नाही. पोलिसांना, मालकाला, संशयी नवऱ्याला मात्र दहा वर्षांनीही असते.

साखळीवाला
कच्च्या नोंदी टाका म्हणतंय कोण? साखळीवर फक्त हॅश, म्हणजे नोंदीवरून काढलेला, उलटा न फिरवता येणारा सांकेतिक आकडा.

नामानिराळा
फोन नंबरचा हॅश? दहा आकडी नंबर असून असून किती असणार! सगळ्यांचे हॅश काढून जुळवून बघणं आजच्या संगणकाला जड नाही. ॲपल-गूगलने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केलेली पद्धत बघा: फोन दर दहा-वीस मिनिटांनी नवी ओळख प्रसारित करतो, जुळणी तुमच्याच फोनमध्ये होते. साखळी कुठेच नाही.

पीएचसीवाली
आणि त्या पद्धतीत आरोग्य खात्याला काय कळतं? कोण कोणाच्या संपर्कात आलं, ते नाहीच! यादी हातात नसेल तर आशाताईंनी कोणाचं दार वाजवायचं? धारावीत पालिकेची माणसं घरोघरी फिरली, ब्लूटूथ नाही फिरलं. नावं लागतातच. ती कोणी पाहिली, एवढं कळायला हवं. आरोग्य सेतूच्या मे २०२० च्या नियमात विदा १८० दिवसांच्या वर ठेवू नये असं होतं, पण तो कोणाला दिला याची यादी एनआयसीने (केंद्र सरकारची संगणक-संस्था) ‘शक्य तितपत’ ठेवायची होती. शक्य तितपत!

साखळीवाला
मग साखळी तिथे लावा. भेटी नकोत, फक्त विदा कोणी उघडला त्याची नोंद. मागाहून खाडाखोड अशक्य.

नामानिराळा
हे पहिल्या पोस्टपेक्षा बरं. पण नोड, म्हणजे साखळीची प्रत ठेवणारे संगणक, कोणाचे? चार सरकारी खात्यांचे असतील तर ते चार शिक्क्यांचं एकच रजिस्टर. शिवाय नोंद न करताच उघडला तर?

साखळीवाला
किल्लीचे तुकडे करा. एक खात्याकडे, एक न्यायालयाकडे. दोन्ही जुळल्याशिवाय उघडणारच नाही.

नामानिराळा
म्हणजे खरं काम तुकडे करतात. साखळी काढून टाकली तरी चालेल.

पीएचसीवाली
काढा. फक्त रुग्ण सापडल्यावर रात्री अकराला तो न्यायालयाचा तुकडा कोण आणून देणार, तेवढं सांगा.